‘मोठा डॉक्टर’ शोधताना: स्त्रियांच्या कर्करोग विभागाला प्रमुख कसा मिळतो

निफाडच्या मामींना घेऊन गेल्या द्राक्ष हंगामात आमच्या रुग्णालयात आलो. केसपेपर काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "इथला मोठा डॉक्टर कोण रे?"

मी त्याच संस्थेच्या आस्थापना शाखेत काम करतो. नेमणुकांच्या फायली माझ्याच टेबलावरून जातात. त्यामुळे उत्तर मला माहीत होतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती. स्त्रियांच्या कर्करोगाचा नवा विभाग कागदावर होता, दारावर पाटी होती, प्रमुखाची खुर्ची रिकामी होती. जाहिरात दोनदा देऊन झाली होती.

"एवढ्या मोठ्या नाशकात एक डॉक्टर मिळंना?" मामी म्हणाल्या.

ऑपरेशन करणारा डॉक्टर मिळतो, मामी. विभाग चालवणारा मिळत नाही. हा फरक मला स्वतःला कळायला दोन जाहिराती वाया जाव्या लागल्या. तो इथे जमेल तसा मांडतो. संस्थेचं नाव मात्र विचारू नका, अजून नोकरी करायची आहे.

आधी विभाग कशाचा, ते. गर्भाशयाचं मुख, गर्भाशयाचं अस्तर, अंडाशय, योनीमार्ग आणि योनीद्वार या अवयवांचे कर्करोग इथे येतात. स्तनाचा येत नाही, तो वेगळ्या सर्जनकडे जातो. आपल्याकडे यातला सगळ्यात मोठा वाटा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात याचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण होते आणि जवळपास ८० हजार मृत्यू. लवकर सापडला तर बरा होणारा आजार आहे हा. पण अंगावरून पांढरं जातंय, पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसतोय, हे बाई घरात सांगणार कधी, घरचे दवाखान्यात आणणार कधी? तेवढ्यात द्राक्षाची तोडणी सुरू होते. दिंडोरी-निफाडच्या बागांत सुरगाणा-पेठकडून कामाला आलेली बाई तर हंगाम संपेपर्यंत तोंडच उघडत नाही. रोज बुडतो ना.

या आजारांचे खास डॉक्टर असतात आणि ते घडायला वेळ लागतो. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, स्त्रीरोगशास्त्रात एमडी किंवा एमएस तीन वर्षं, त्यानंतर पुन्हा नीटची सुपरस्पेशालिटी परीक्षा आणि एमसीएच तीन वर्षं. झाली साडेअकरा, तीही एकदाही न अडखळता. एवढं करून बाहेर पडणारी माणसं देशभरात मोजकी, आणि त्यांना मुंबई-पुण्याची कॉर्पोरेट रुग्णालयं आधीच हेरून ठेवतात.

हे डॉक्टर करतात काय? अंडाशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन घ्या. तो बहुधा पोटभर पसरलेला असतो: आतड्यावर, चरबीच्या पडद्यावर, कधी यकृताच्या वर छातीच्या पडद्याला चिकटलेला. डोळ्यांना दिसेल असं काहीही मागे ठेवायचं नाही, हे उद्दिष्ट. सहा-आठ तास सहज जातात. ते चालू असताना शेजारच्या खोलीत पॅथॉलॉजिस्ट बसलेला लागतो. गाठीचा तुकडा त्याच्याकडे जातो, तो गोठवला जातो, त्याच्या पातळ चकत्या निघतात आणि वीस-तीस मिनिटांत उत्तर येतं, कर्करोग आहे की नाही. बाई टेबलावरच असते. या तपासणीला ‘फ्रोझन सेक्शन’ म्हणतात. उत्तर काय येतं त्यावर पुढचं ऑपरेशन तासाभराचं की दिवसभराचं, ते ठरतं.

गर्भाशयमुखाचा आजार थोडा पुढे गेला असेल तर ऑपरेशन नाहीच. पाच आठवडे रोज बाहेरून रेडिएशन, सोबत आठवड्याला एक केमो, शेवटी आतून रेडिएशन म्हणजे ब्रॅकीथेरपी, आणि हे सगळं आठ आठवड्यांच्या आत. लांबलं तर गुण कमी होतो. म्हणजे या विभागाच्या प्रमुखाला चाकू कधी चालवायचा नाही, हेही कळावं लागतं.

आता ‘अकॅडेमिक’ हा शब्द. आमच्या पहिल्या जाहिरातीत तो होता आणि खरं सांगायचं तर तो कुणालाच नीट कळला नव्हता. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेला, एवढाच अर्थ आम्ही धरला होता. नाशिकला या शब्दाचं तसं वावडं नसावं. राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथेच आहे, म्हसरूळला दिंडोरी रोडवर. पण विद्यापीठ गावात असलं म्हणून गावातला विभाग अकॅडेमिक होत नाही.

अकॅडेमिक विभागाला तीन धंदे एकदम करावे लागतात: रुग्ण बरे करणं, डॉक्टर घडवणं आणि नवं ज्ञान काढणं. तिसरं ऐकलं की आमचे विश्वस्त जांभई देतात. त्यांना मी बार्शीची गोष्ट सांगतो. सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. तिथलं कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा यांनी परदेशी संशोधकांच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवमधल्या, ५२ गावसमूहांतल्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास केला. काही गावांत गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काही गावांत दुसऱ्या दोन पद्धतींच्या तपासण्या, काही गावांत नेहमीचीच सेवा. आठ वर्षं माग काढला. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, नुसत्या नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. चाचणी एकदाच केलेली, बरं का. २००९ मध्ये हा निकाल छापून आला आणि जगभरच्या तपासणी धोरणांत त्याचा दाखला दिला जाऊ लागला. हे काम लंडन-न्यूयॉर्कच्या गल्लीत झालेलं नाही. नऊवारीतल्या बायकांच्या दारात जाऊन, नाव-गाव लिहून घेऊन झालंय. सुरगाण्यात, कळवणला असं काही उभं करायचं मनात आणणारा माणूस म्हणजे अकॅडेमिक प्रमुख.

आता असा माणूस शोधायचा कसा? अमेरिकेत या कामाची एक बसलेली पद्धत आहे. तिथे हा विभाग बहुधा स्त्रीरोग विभागाच्या पोटात असतो. शोध समिती नेमतात, तिच्यात इतर विभागांचेही लोक असतात. काही ठिकाणी उमेदवार हुडकून देणारी व्यावसायिक फर्म लावतात. पहिल्या फेरीत नुसत्या गप्पा, दुसऱ्या फेरीत उमेदवार दोन दिवस राहायला येतो, व्याख्यान देतो, अनेकदा नवरा-बायको मिळून गाव बघून जातात. मग येतं लेखी बोलणं: पगार किती, त्याहून महत्त्वाचं म्हणजे आठवड्यातले किती दिवस रुग्णांपासून मोकळे, संशोधनाला माणसं किती, नवे डॉक्टर घ्यायला जागा किती. या सगळ्याला वर्ष लागलं तरी कुणाला नवल वाटत नाही.

आपल्याकडे? पेपरात जाहिरात, वॉक-इन मुलाखत, एका दुपारी पाच उमेदवार, चहा-बिस्किटं. किंवा तेही नाही: ज्येष्ठता यादीत वरचं नाव तो प्रमुख. किंवा मान्यतेची तपासणी तोंडावर आली म्हणून कुठल्या तरी निवृत्त प्राध्यापकांना गळ घालायची. नियमाने ७० वर्षांपर्यंत शिकवता येतं. त्यांच्यात अजून धावणारेही असतात, नाही असं नाही. पण नुसती जागा भरायला आणलेला माणूस जागाच भरतो.

आमची पहिली चूक याच्याही आधीची होती. विभाग नेमका कुणाचा, हेच ठरलेलं नव्हतं. स्त्रीरोगवाल्यांचं म्हणणं, पिशवी आमची. कर्करोग सर्जन म्हणत, कर्करोग आमचा. दोघंही खरं बोलत होते. आजवर अंडाशयाच्या गाठी ज्याच्या ओपीडीला बाई आधी पोचली त्याच्याकडे जात. नवा प्रमुख आला असता तर दोन्हीकडून त्याला वाट्याला काय आलं असतं? उरलंसुरलं. हा वाद प्रमुख येऊन मिटवेल, असं आमचे वरिष्ठ म्हणत. उलटं आहे. पाहुणा जेवायला बसल्यावर ताटावरून भांडू नये. कुठल्या केसेस कुणाच्या, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की बाई कुणाकडे जाणार, हे लेखी ठरवून मग जाहिरात द्यायची असते.

दुसरी चूक मी डोळ्यांनी पाहिली. एक मॅडम आल्या होत्या, नामांकित ठिकाणी दहा-बारा वर्षं काढलेल्या. शाल-श्रीफळ झालं, सभागृहात विश्वस्तांनी भविष्याचं चित्र रंगवलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि मला हळूच म्हणाल्या, "ओटीचं वेळापत्रक बघायला मिळेल का?" ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. नेलं. भिंतीवर पांढरा बोर्ड. बुधवारच्या रकान्यात ‘गायनॅक ऑन्को’ असं लिहिलेलं, त्यावर एक रेघ आणि वर निळ्या मार्करने ‘मोतीबिंदू शिबिर’. ओटीच्या सिस्टर भाबडेपणाने म्हणाल्या, "मॅडम, तो दिवस तसा रिकामाच असतो, कुणीही घेतं." मग त्या पॅथॉलॉजीत गेल्या. गोठवलेल्या तुकड्याच्या चकत्या काढणारं यंत्र, क्रायोस्टॅट, बंद होतं. वार्षिक देखभालीचं बिल तटलेलं. त्यावर बाटल्यांचे खोके रचलेले होते. मॅडमनी एका खोक्यावरची धूळ बोटाने पुसली, हात झटकला. जेवायला थांबल्या नाहीत, गाडी कसारा घाटाकडे लागली. पगाराचा विषय निघालाच नाही.

तेव्हापासून मी एक मानतो: मुलाखत ते आपली घेत असतात.

पण संस्थेनेही काही विचारायला हवं, आणि ‘आजवर किती ऑपरेशनं केली’ हा त्यातला सगळ्यात फुकटचा प्रश्न. आकडा मोठा असतोच. आमच्या नव्या समितीत बाहेरून आलेल्या एका ज्येष्ठ सरांनी एक प्रश्न सुचवला, तो मला फार आवडला. "२०१८ नंतर तुम्ही काय बदललंत?"

या प्रश्नामागची गोष्ट अशी. गर्भाशयमुखाच्या लवकरच्या टप्प्यातल्या कर्करोगाचं मोठं ऑपरेशन दुर्बिणीने किंवा रोबोटने करायची लाट आली होती. छोटे छेद, कमी रक्त, लवकर घरी. सगळ्यांना वाटत होतं की कर्करोगाच्या दृष्टीनेही हे तितकंच चांगलं असणार. मग अनेक देशांतल्या सहाशेहून अधिक बायकांवर रीतसर चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. छोट्या छेदाने घात केला होता. आता कल्पना करा, ज्यांनी दुर्बिणीवरच नाव कमावलं, रोबोटसमोरचे फोटो ज्यांच्या जाहिरातीत, त्यांना सोमवारी सकाळी ओपीडीत बसून बाईला सांगायचंय की तुझं पोट उघडावं लागेल. कुणी लगेच बदललं, कुणी आपले जुने रुग्ण मोजून पाहिले आणि मग बदललं, कुणी चाचणीतच खोट काढत बसलं. उमेदवार या प्रश्नावर दहा मिनिटं कसा बोलतो, यावरून तो उद्या ज्युनियरचं ऐकेल की नाही, ते कळतं. आमच्या समितीपुढे एकजण म्हणाले, "माझे निकाल चांगलेच होते." किती रुग्ण, किती वर्षं माग काढला, हे विचारल्यावर म्हणाले, "नोंदी नाहीत, पण मला माहीत आहे." चहा दिला त्यांना.

दुसरा प्रश्न सुटीचा. तुम्ही पंधरा दिवस रजेवर गेलात तर तुमची ओटी कोण चालवतं? चांगल्या सर्जनला हा प्रश्न अपमानासारखा वाटतो, चांगला प्रमुख नावं सांगतो. "आधी अमुकला मी बाजूला उभं राहून शिकवलं, आता ती एकटी करते." असं कुणी तरी ज्याच्या हाताखाली तयार झालं आहे, तो माणूस विभाग उभा करणार. बाकीचे स्वतःचा दवाखाना उभा करतात, फक्त आपल्या इमारतीत.

इथे पैशाचा मामला येतो आणि तो आपण लाजत लाजत बोलतो. पगार ठरवायची पद्धतच माणसाला वळण लावते. दर ऑपरेशनमागे टक्केवारी दिली की प्रमुख चांगल्या केसेस ज्युनियरला देत नाही. रेसिडेंटला टाके घालायला दिले तर तास वाढतो, म्हणून देत नाही. आठ तासांच्या अंडाशयाच्या केसपेक्षा तीन साध्या पिशव्या परवडतात, म्हणून त्या केसला "परळला, टाटाला न्या" म्हणतो. माणूस वाईट नसतो, हिशोब तसा असतो. वर महात्मा फुले योजनेतली बाई असेल तर तिच्या पॅकेजमधून टक्केवारी निघणार किती, म्हणून तीही मागे. ठरावीक पगार, विभागाच्या एकूण कामावर थोडा वाटा आणि आठवड्यातला एक दिवस शिकवण्या-संशोधनासाठी राखलेला: माझ्या मते एवढंच धोरण टिकतं. राखलेला म्हणजे बोर्डावर, पुसता न येणाऱ्या शाईने.

आणि मुक्काम. मुंबई ते नाशिक साधारण १७० किलोमीटर, म्हणून ‘आठवड्याला तीन दिवस येईन’ म्हणणारे पुष्कळ. समृद्धी झाल्यापासून तर जास्तच. ओपीडीसाठी ठीक आहे ते. पण मंगळवारी मोठं ऑपरेशन झालं, आतड्याची जोडणी केली, तर ती जोडणी निसटायचा धोका साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी असतो. मोजा बोटांवर. रविवारी रात्री बाईचं पोट फुगतं, ताप चढतो आणि प्रमुख ठाण्याला. म्हणून उमेदवाराच्या नवऱ्याला किंवा बायकोला इथे काम मिळेल का, मुलांची शाळा कुठली, आईवडिलांना कुठे ठेवणार, हे सगळं विचारणं चोंबडेपणा नाही. गंगापूर रोडचा फ्लॅट दाखवून भागत नाही, त्या घरातल्या दुसऱ्या माणसाची नोकरी बघावी लागते.

एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते, पण प्रमुखाचं निम्मं काम तीच आहे. तालुक्याच्या गावात अंगावरून जास्त जातं म्हणून बाईची पिशवी काढतात. आधी गर्भाशयमुखाची तपासणी नाही, तुकडा काढून पाहिलेला नाही. महिन्याने रिपोर्ट येतो: कर्करोग होता. साध्या पिशवीच्या ऑपरेशनमध्ये आजूबाजूचा जो भाग काढायला हवा तो राहून गेलेला असतो. मग ही बाई फाईल घेऊन आमच्या दारात. बहुतेक वेळा तिला रेडिएशनला जावं लागतं, कधी पुन्हा ऑपरेशन. अशी बाई आली की त्या डॉक्टरला शिव्या घालणं सोपं आहे. पण पुढच्या वेळी त्याने पिशवी काढायच्या आधी फोन करावा, असं वाटत असेल तर प्रमुखाने येवल्याच्या, सटाण्याच्या डॉक्टरांना नावानिशी ओळखायला हवं, त्यांच्या संघटनेच्या बैठकीत मागच्या रांगेत बसायला हवं, रात्री दहाला त्यांचा फोन घ्यायला हवा. मुलाखतीत हे तपासायचं कसं? आम्ही उमेदवारांच्या जुन्या गावी, त्यांच्याकडे रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन केले. शिफारसपत्रात जे नसतं ते तिथे दोन मिनिटांत कळलं.

मामींचं काय झालं ते राहिलंच. त्यांचा रिपोर्ट गर्भाशयाच्या अस्तराचा निघाला, लवकरचा टप्पा. प्रमुख नसला तरी ट्यूमर बोर्ड बसतो, सर्जन, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजीवाले एका टेबलाशी येतात, आणि आमच्या आरोग्यमित्राने योजनेचे कागद दोन दिवसांत करून दिले. ऑपरेशन झालं. अजूनही तपासणीला आल्या की माझ्या टेबलाशी येऊन विचारतात, "आला का तुमचा मोठा डॉक्टर?"

तिसरी जाहिरात गेल्या महिन्यात गेली. यावेळी तिच्यात ओटीचे दोन दिवस वारासकट छापले आहेत, आणि केसेस कुणाच्या, तो लेखी ठराव मागितल्यास मिळेल असंही. एका मॅडमचं उत्तर आलंय. अर्जासोबत त्यांनी सात प्रश्न पाठवलेत. पाचांची उत्तरं मी फायलीतून काढून दिली. सहावा आहे डेटा नोंदवायला पूर्ण वेळ माणूस मिळेल का, त्याची टिपणी वर गेली आहे. सातवा क्रायोस्टॅटचा. देखभालीचा चेक काल सही होऊन आला, इंजिनिअर गुरुवारी येतोय. खोके मी आजच हलवायला लावले.